सजेस्ट, अ‍ॅडव्हाइज, रेकमेंड, प्रपोज: कुठे काय वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिशमधली काही क्रियापदं दिसायला एकदम साधी असतात पण वाक्यात बसवताना हटकून त्रास देतात, आणि 'सजेस्ट' त्यात बराच वरच्या नंबरवर आहे. सगळ्यांना अर्थ माहीत असतो, गाडी अडते ती पुढे काय लावायचं यावर. खाली तेच तेच येणारे प्रश्न एकत्र केलेत, सोप्यापासून किचकटाकडे. एकदा सांगितलेलं परत सांगितलेलं नाही, तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघा.

१. सजेस्ट म्हणजे सल्ला देणे ना? मग अ‍ॅडव्हाइज वेगळं कशाला?

सल्ला नाही, सुचवणे. सजेस्ट करणारा एक आयडिया पुढे ठेवतो आणि बाजूला होतो, घ्यायची तर घ्या नाहीतर सोडा. अ‍ॅडव्हाइज करणाऱ्याला त्या विषयातलं जास्त कळतं असं गृहीत असतं, म्हणून डॉक्टर, वकील, बँकेतला माणूस अ‍ॅडव्हाइज करतात. रेकमेंड म्हणजे शिफारस, मी वापरलंय किंवा मला खात्री आहे, चांगलं आहे, घ्या. प्रपोज म्हणजे रीतसर प्रस्ताव, ज्यावर पुढे चर्चा होऊन हो किंवा नाही ठरणार आहे.

पण खरी गोम अर्थात नाहीये, ती रचनेत आहे. सजेस्टच्या लगेच मागे आयडिया येते, अ‍ॅडव्हाइजच्या लगेच मागे माणूस येतो. हे एक डोक्यात पक्कं बसलं ना तर खालचे निम्मे प्रश्न वाचायचीही गरज नाही.

२. 'सजेस्ट मी अ गुड बुक' यात चूक काय? सगळेच तर असं लिहितात.

लिहितात, खरंय. रेडिटवर पुस्तकं सुचवण्याचा एक मोठा ग्रुप चक्क 'सजेस्ट मी अ बुक' याच नावाने आहे, तेव्हा लिहिलंत तर कोणाला कळणार नाही असं अजिबात नाही. पण परीक्षेत, ऑफिसच्या मेलमध्ये किंवा कुठेही छापायच्या मजकुरात ती चूकच धरली जाते.

आपल्याकडून ती होते कारण मराठीत 'मला एखादं पुस्तक सुचव' हे एकदम बरोबर आहे आणि आपण 'मला'च्या जागी 'मी' ठेवून मोकळे होतो. 'गिव्ह मी', 'टेल मी', 'शो मी', 'सेंड मी' हे सगळं चालतं त्यामुळे 'सजेस्ट मी' पण चालेल असं वाटणं साहजिकच आहे. पण इंग्लिशमध्ये काही क्रियापदं माणसाला असं थेट मागे बसू देत नाहीत. सजेस्ट त्यातलं, एक्सप्लेन त्यातलं, डिस्क्राइब, मेन्शन, से हीसुद्धा त्यातलीच. 'एक्सप्लेन मी धिस' पण चूक आहे, 'एक्सप्लेन धिस टू मी' बरोबर.

मग काय लिहायचं? 'कॅन यू सजेस्ट अ गुड बुक?' बस. 'मी'ची गरजच नाही, विचारणारे तुम्हीच आहात हे दिसतंच आहे. अगदीच माणूस सांगायचा असेल तर 'टू' लावून शेवटी: 'शी सजेस्टेड अ बुक टू मी.' आणि कोणासाठी हवंय ते सांगायचं असेल तर 'फॉर': 'कॅन यू सजेस्ट अ बुक फॉर अ टेन-इयर-ओल्ड?'

३. मग 'रेकमेंड मी अ हॉटेल' पण चूक का?

इथे जरा ढिलाई आहे. बोलताना 'कॅन यू रेकमेंड मी अ हॉटेल' असं इंग्लिश मातृभाषा असलेल्यांच्या तोंडूनही ऐकू येतं, पण बऱ्याच जणांना ते खटकतंही. तुम्ही लिहीत असाल तर 'रेकमेंड अ हॉटेल' किंवा 'रेकमेंड अ हॉटेल टू मी' लिहा, त्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

४. 'डॉक्टरने मला आराम करायला सुचवलं' हे 'द डॉक्टर सजेस्टेड मी टू टेक रेस्ट' असं का नाही होत?

यात दोन चुका एकत्र आल्यात. पहिली 'मी'ची, ती प्रश्न २ मध्ये झाली. दुसरी 'टू'ची. सजेस्टनंतर 'टू अधिक क्रियापद' येत नाही, माणूस असो वा नसो. 'ही सजेस्टेड टू गो' पण चूक आणि 'ही सजेस्टेड मी टू गो' पण चूक. मराठीत 'जायला सांगितलं', 'जायला सुचवलं' दोन्ही होतं म्हणून इंग्लिशमध्ये 'टोल्ड मी टू गो'च्या साच्यात आपण सजेस्टही कोंबतो.

बरोबर रस्ते दोन आहेत. एक म्हणजे 'दॅट' घालून पूर्ण वाक्य: 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट आय रेस्ट.' दुसरा म्हणजे आयएनजी: 'द डॉक्टर सजेस्टेड रेस्टिंग.' आणि तुम्हाला 'मी टू' वापरायचंच असेल, जिभेवर तेच बसलं असेल, तर वाक्य नका बदलू, क्रियापद बदला: 'द डॉक्टर अ‍ॅडव्हाइज्ड मी टू रेस्ट.' डॉक्टरच्या तोंडी तसंही अ‍ॅडव्हाइजच जास्त शोभतं. (जाताजाता, 'टेक रेस्ट' हा आपल्याकडचा प्रयोग, बाहेर नुसतं 'रेस्ट' किंवा 'गेट सम रेस्ट' म्हणतात.)

५. 'शी सजेस्टेड टेकिंग द ट्रेन', यात ट्रेनने नेमकं कोण जाणार?

वाक्यावरून कळत नाही, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याने वाक्य नीट वाचलंय. आयएनजीवाल्या रचनेत कर्ताच नसतो. ती आणि मी दोघं जाणार असू, मी एकटा जाणार असेन, किंवा तिसरंच कोणी. संदर्भावरून ठरतं. 'माय फ्रेंड सजेस्टेड ईटिंग आउट' म्हटलं की दोघं मिळून बाहेर जेवणार हे उघड आहे, कारण मित्र असं एकमेकांबरोबर जायलाच सुचवतात. 'माय डॉक्टर सजेस्टेड गिव्हिंग अप स्मोकिंग' म्हटलं की सिगारेट पेशंट सोडणार, डॉक्टर नाही. रचना तीच, माणसं बदलली की अर्थ बदलला.

जिथे गोंधळ होऊ शकतो तिथे आयएनजी सोडा आणि 'दॅट'वर या: 'शी सजेस्टेड दॅट वी टेक द ट्रेन' किंवा 'दॅट आय टेक द ट्रेन'. मीटिंगचं मिनिट्स लिहिताना तर नक्कीच, कारण 'ही सजेस्टेड कॉलिंग द क्लायंट' असं लिहून ठेवलं की पुढच्या आठवड्यात फोन कोणी करायचा होता यावरून वाद ठरलेला.

'ही सजेस्टेड माय गोइंग' अशीही एक जुनी रचना आहे, व्याकरणात बसते, पण आता फार पुस्तकी वाटते.

६. 'आय सजेस्ट दॅट ही गो' बरोबर की 'ही गोज'? 'ही'ला 'एस' लागतो ना?

लागतो, पण इथे नाही. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त भांडणंही यावरच.

जेव्हा सजेस्टचा अर्थ 'असं करावं' असा असतो तेव्हा 'दॅट'च्या पुढचं क्रियापद मूळ रूपात राहतं, त्याला काही चिकटत नाही. याला सब्जंक्टिव्ह म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल. मराठीत आपण 'त्याने जावं' म्हणतो, 'तो जातो' म्हणत नाही, तसाच तो 'गो' आहे. तो गेलेला नाही, जातही नाहीये, जावं अशी नुसती सूचना आहे, मग 'गोज' कशाला?

आय, यू, वी, दे असेल तर फरक दिसतच नाही. चार ठिकाणी दिसतो. ही-शी-इट असेल तेव्हा: 'आय सजेस्ट दॅट शी वेट.' मुख्य क्रियापद भूतकाळात असेल तेव्हा: 'आय सजेस्टेड दॅट शी वेट', इथे 'वेटेड' करायचं नाही. 'बी' असेल तेव्हा: 'आय सजेस्ट दॅट शी बी टोल्ड', 'इज टोल्ड' नाही. आणि नकार असेल तेव्हा: 'आय सजेस्ट दॅट ही नॉट गो', यात 'डझन्ट' येत नाही. हे शेवटचं कानाला फार विचित्र लागतं पण बरोबर आहे.

आता भांडण कुठे आहे? वरचं सगळं अमेरिकेत सर्रास चालतं. ब्रिटिश इंग्लिशमध्ये त्याऐवजी 'शुड' घालायची सवय जास्त आहे: 'आय सजेस्ट दॅट ही शुड गो.' आणि तिथे बोलताना 'आय सजेस्ट दॅट ही गोज' असंही म्हणतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. म्हणजे तुमच्या ब्रिटिश पुस्तकात एक आणि अमेरिकन अ‍ॅपमध्ये दुसरंच दिसलं तर दोन्ही खोटं नाही. मला विचाराल तर नुसतं 'गो' ठेवा, ते दोन्हीकडे चालतं, 'गोज' मात्र एकीकडेच.

हा नियम सजेस्टपुरता नाही बरं का. रेकमेंड, प्रपोज, इन्सिस्ट, डिमांड, रिक्वेस्ट, अर्ज (इंग्लिशमधलं, आग्रह करणे) यांच्याही 'दॅट'ला तोच लागू आहे.

७. 'दॅट' गाळलं तर चालेल?

चालेल. 'आय सजेस्ट यू वेट' एकदम रोजचं इंग्लिश आहे. आणि गंमत म्हणजे यात 'यू' सजेस्टच्या लगेच मागे दिसतो तरी चूक नाही, कारण तो सजेस्टचा माणूस नाहीच, पुढच्या 'वेट'चा कर्ता आहे. 'आय सजेस्ट ही वेट' म्हणून बघा, 'हिम' येत नाही, तिथेच ते उघडं पडतं.

८. 'सजेस्टेड दॅट ही बी इन्व्हाइटेड' आणि 'सजेस्टेड दॅट ही वॉज इन्व्हाइटेड', दोन्ही वाचलंय. बरोबर कुठलं?

दोन्ही, पण अर्थ वेगळा. 'शी सजेस्टेड दॅट ही बी इन्व्हाइटेड' म्हणजे त्याला बोलावूया असं तिने सुचवलं. अजून बोलावलेलं नाही. 'शी सजेस्टेड दॅट ही वॉज इन्व्हाइटेड' म्हणजे त्याला बोलावलं होतं असं तिच्या बोलण्यातून ध्वनित झालं. ती काही सुचवत नाहीये, काय झालं असावं ते आडून सांगतेय.

सजेस्टचे हे दोन वेगळे अर्थ आहेत: 'असं करावं' आणि 'असं असावं'. पहिल्यात मूळ रूप, दुसऱ्यात नेहमीसारखा काळ. प्रश्न ६ चा नियम फक्त पहिल्या अर्थाला आहे, हे न सांगता नुसता नियम पाठ करून घेतला की लोक 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट द मेथड वर्क' असं लिहितात आणि चुकतात. तिथे 'वर्क्स'च हवं, कारण रिझल्ट कोणाला काही करायला सांगत नाहीत.

इन्सिस्टमध्ये तर हा फरक एका अक्षरावर येतो. 'ही इन्सिस्टेड दॅट शी पे' म्हणजे पैसे तिनेच द्यावेत असा त्याने हट्ट धरला. 'ही इन्सिस्टेड दॅट शी पेड' म्हणजे तिने पैसे दिले हे तो ठासून सांगत राहिला. शेवटचा 'ड' आला की हट्टाचा दावा झाला.

९. 'द डेटा सजेस्ट्स' असं का लिहितात? सरळ 'शोज' का नाही?

कारण 'शोज' म्हटलं की जबाबदारी वाढते. रिसर्च पेपरमध्ये, रिपोर्टमध्ये शब्दांना वजनं असतात. 'प्रूव्ह्ज' म्हणजे सिद्ध झालं, विषय संपला. 'शोज' म्हणजे दिसतंय. 'इंडिकेट्स' म्हणजे त्या दिशेने बोट आहे. 'सजेस्ट्स' म्हणजे तसं वाटायला जागा आहे पण दुसरंही कारण असू शकतं. 'हिंट्स अ‍ॅट' त्याहूनही हलकं. जितका पुरावा तितकाच शब्द घ्यायचा, नाहीतर पेपर तपासणारा तिथेच पकडतो. पुरावा बराच असेल पण शंभर टक्के नसेल तर 'स्ट्राँगली सजेस्ट्स' म्हणतात.

हेडलाइन वाचतानाही हे लक्षात ठेवा, मूळ अभ्यासात 'सजेस्ट्स' असतं आणि बातमीत येईपर्यंत त्याचं 'प्रूव्ह्ज' झालेलं असतं.

१०. 'आर यू सजेस्टिंग दॅट आय लाइड?' यात कोण काय सुचवतंय?

कोणी काही सुचवत नाहीये, समोरचा भडकलाय. 'मी खोटं बोललो असं म्हणायचंय का तुला?' प्रश्न ८ मधला दुसरा अर्थ, फक्त जरा तापलेला. 'आर यू सजेस्टिंग' ऐकलं की आवाजाकडे लक्ष द्या. शांतपणे विचारलं असेल तर खरंच समजून घ्यायचंय, ताणून विचारलं असेल तर सांभाळून उत्तर द्या. 'आय'म नॉट सजेस्टिंग दॅट' हे त्यावरचं नेहमीचं उत्तर, माझा तसा अर्थ नव्हता.

याच्याच शेजारी तीन शब्द आहेत. 'इम्प्लाय' म्हणजे सरळ न बोलता सूचित करणे, चांगलं-वाईट काहीही. 'हिंट' म्हणजे मुद्दाम, समोरच्याला कळावं म्हणून दिलेला इशारा. 'इन्सिन्युएट' म्हणजे वाईटच काहीतरी, आडून आडून टोमणा मारल्यासारखं. कोणी चांगली गोष्ट इन्सिन्युएट करत नाही.

११. इम्प्लाय आणि इन्फर एकच का?

उलट आहेत. बोलणारा इम्प्लाय करतो, ऐकणारा इन्फर करतो. पुष्कळ लोक इम्प्लायच्या जागी इन्फर ठोकून देतात, अगदी इंग्लिशच बोलत मोठे झालेलेसुद्धा. तुम्ही नका करू.

१२. अ‍ॅडव्हाइज आणि अ‍ॅडव्हाइस, नक्की काय फरक? आणि 'अ‍ॅडव्हाइसेस' म्हणता येतं का?

'एस'वालं क्रियापद, 'सी'वालं नाम. आणि उच्चारही वेगळा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं: क्रियापदाच्या शेवटी 'ज' ऐकू येतो, नामाच्या शेवटी 'स'. उच्चार नीट केलात की स्पेलिंग आपोआप लक्षात राहतं.

'अ‍ॅडव्हाइसेस' नाही म्हणायचं. अ‍ॅडव्हाइस मोजता येत नाही. 'ही गेव्ह मी सम अ‍ॅडव्हाइस' किंवा एकच असेल तर 'अ पीस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' पण नाही. सजेशन मात्र मोजता येतं, 'अ सजेशन', 'टू सजेशन्स' बिनधास्त.

रचना तीन लक्षात ठेवा. माणूस असेल तर 'टू': 'आय अ‍ॅडव्हाइज्ड हर टू वेट.' माणूस नसेल तर आयएनजी: 'आय'ड अ‍ॅडव्हाइज वेटिंग.' नको करू असं सांगायचं असेल तर 'अगेन्स्ट': 'ही अ‍ॅडव्हाइज्ड मी अगेन्स्ट सायनिंग.' ही शेवटची रचना फार कामाची आहे आणि आपण ती फार कमी वापरतो.

१३. मेलच्या शेवटी 'प्लीज अ‍ॅडव्हाइज' लिहितात ते सल्ला मागतात का?

कधी सल्ला, पण बहुतेक वेळा नुसतं 'काय ते कळवा'. व्यवहाराच्या पत्रांमध्ये अ‍ॅडव्हाइजचा 'कळवणे' हा अर्थ जुना आहे, 'प्लीज बी अ‍ॅडव्हाइज्ड दॅट द ऑफिस विल बी क्लोज्ड' म्हणजे ऑफिस बंद राहील याची नोंद घ्या, सल्लाबिल्ला काही नाही. व्याकरणात चूक नाही, पण नुसतं 'प्लीज अ‍ॅडव्हाइज' लिहून सोडलं की वाचणाऱ्याला नेमकं काय हवंय ते कळत नाही आणि जरा तोडल्यासारखंही वाटतं. त्यापेक्षा काय हवंय ते विचारा: 'कुड यू लेट मी नो विच डेट वर्क्स फॉर यू?' उत्तर लवकर येतं.

१४. 'आय वॉज सजेस्टेड टू टेक धिस कोर्स' बरोबर आहे का? मला कोणी सुचवलं ते नाव लिहायचं नाहीये.

नाही. माणूस सजेस्टच्या मागे बसत नाही (प्रश्न २), मग कर्मणी करताना तो पुढे तरी कुठून येणार? 'आय वॉज अ‍ॅडव्हाइज्ड टू टेक धिस कोर्स' लिहा, नाव न घेता काम झालं. 'आय वॉज टोल्ड', 'आय वॉज एन्करेज्ड' पण चालतं.

सजेस्टच हवं असेल तर कर्ता आयडियाला करा: 'धिस कोर्स वॉज सजेस्टेड टू मी.' किंवा 'इट वॉज सजेस्टेड दॅट आय टेक धिस कोर्स', हे जरा सरकारी वाटतं. 'इट हॅज बीन सजेस्टेड दॅट' ही खास रिपोर्टातली भाषा, कोणीतरी म्हटलंय पण कोणी ते आम्ही सांगणार नाही.

१५. रेकमेंडची रचना सजेस्टसारखी की अ‍ॅडव्हाइजसारखी?

मधली. 'रेकमेंड गोइंग' आणि 'रेकमेंड दॅट ही गो' सजेस्टसारखं. पण 'वी रेकमेंड यू टू बुक अर्ली' हेही डिक्शनरीत मान्य आहे, जे सजेस्टला अजिबात चालत नाही. तरी अमेरिकन वाचकाला ते थोडं खटकतं, त्यामुळे 'वी रेकमेंड बुकिंग अर्ली' जास्त सेफ.

माणसाची शिफारस करायची तर 'फॉर': 'शी रेकमेंडेड हिम फॉर द जॉब.' जोर द्यायचा तर 'हायली रेकमेंड' किंवा 'स्ट्राँगली रेकमेंड'. सजेस्टबरोबर 'स्ट्राँगली'च जास्त जुळतं, 'हायली सजेस्ट' नेटवर दिसतं पण ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. स्पेलिंगमध्ये 'सी' एक, 'एम' दोन. लोक हटकून उलटं करतात.

१६. प्रपोज फक्त लग्नासाठीच वापरतात ना?

नाही हो. 'ही प्रपोज्ड टू हर' म्हटलं की लग्नाची मागणी घातली, हे खरं, पण ते एका विशिष्ट वाक्यातच. मीटिंगमध्ये ठराव मांडतात तो 'प्रपोज', आणि त्याला अनुमोदन देतात ते 'सेकंड'. 'प्रपोज अ टोस्ट' म्हणजे कोणाच्या नावाने ग्लास उंचावायला सांगणे.

एक बारकावा मात्र बघण्यासारखा आहे. 'ही प्रपोज्ड सेलिंग द कार' म्हणजे गाडी विकूया असं त्याने मांडलं. 'ही प्रपोज्ड टू सेल द कार' म्हणजे गाडी विकायचा त्याचा इरादा होता, हा अर्थ लिहिण्यात जास्त येतो. म्हणजे इथे 'टू' चालतं, पण अर्थ सरकतो. 'हाऊ डू यू प्रपोज टू पे?' म्हणजे पैसे कसे देणार आहात, यात प्रस्ताव कसला नाही, उलट थोडा टोला आहे.

१७. सजेशन 'गिव्ह' करायचं की 'मेक'?

'मेक अ सजेशन', 'ऑफर अ सजेशन'. 'गिव्ह'ने कोणी अडणार नाही, पण 'मेक' जास्त नैसर्गिक. रेकमेंडेशन पण 'मेक'. अ‍ॅडव्हाइस मात्र 'गिव्ह', तिथे 'मेक' कधीच नाही. प्रपोजल 'मेक' किंवा 'पुट फॉरवर्ड'. कोणाच्या तरी सांगण्यावरून केलं हे 'अ‍ॅट हर सजेशन', 'ऑन हिज अ‍ॅडव्हाइस'. इथे 'अ‍ॅट' आणि 'ऑन' का बदलतात याला कारण विचारू नका, तसंच्या तसं पाठ करायचं.

१८. 'मला एक आयडिया सुचली' याला सजेस्ट वापरू का?

नको. सुचवणे आणि सुचणे आपल्याकडे जवळजवळ आहेत म्हणून मोह होतो, पण इंग्लिशमध्ये सुचणे वेगळीकडे जातं: 'आय हॅड अ‍ॅन आयडिया', 'आय केम अप विथ अ‍ॅन आयडिया', 'इट ऑकर्ड टू मी दॅट'. 'अ‍ॅन आयडिया सजेस्टेड इटसेल्फ' अशी एक रचना आहे खरी, आयडिया आपणहून पुढे आली या अर्थाची, पण ती लेखकी थाटाची आहे, रोज वापरलीत तर लोक बघत राहतील.

१९. बॉसला सुचवायचंय. 'आय सजेस्ट यू चेंज द डेट' उद्धट वाटतं का?

वाटू शकतं. सजेस्ट शब्द मवाळ आहे पण 'आय सजेस्ट यू' हे पोलीस ऑफिसरही म्हणतो: 'आय सजेस्ट यू लीव्ह नाऊ.' त्यात सूचना कमी आणि धमकी जास्त असते. 'आय'ड सजेस्ट' केलं की लगेच मऊ होतं, त्या 'वुड'ने बराच फरक पडतो. 'मे आय सजेस्ट' अजून अदबीचं.

खरं तर बोलताना इंग्लिशवाले सजेस्ट शब्द वापरतातच कमी. सुचवायचं असतं तेव्हा ते 'हाऊ अबाउट', 'व्हाय डोन्ट वी', 'शॅल वी', 'यू माइट वॉन्ट टू' असं बोलतात. 'व्हाय डोन्ट यू कॉल हर?' हा 'का नाही करत फोन' असा जाब नाही, 'कर की तिला फोन' असं आहे. आणि 'यू माइट वॉन्ट टू चेक दॅट अगेन' असं सीनियरने म्हटलं तर त्याचा अर्थ 'चूक आहे, बघा', 'हवं तर बघा' असा अजिबात नाही.

२०. सजेस्टिव्ह म्हणजे भरपूर सूचना देणारा?

सावध. 'सजेस्टिव्ह रिमार्क' म्हणजे चावट, द्वयर्थी शेरा. एखाद्या कलीगच्या कौतुकाच्या मेलमध्ये 'शी इज व्हेरी सजेस्टिव्ह' लिहाल तर भलतंच होईल. 'शी ऑफर्स हेल्पफुल सजेशन्स' लिहा. 'सजेस्टिव्ह ऑफ' मात्र निरुपद्रवी, कशाची तरी आठवण करून देणारं किंवा लक्षण दाखवणारं, डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये 'सजेस्टिव्ह ऑफ इन्फेक्शन' असं असतं ते हेच. तसाही या शब्दाचा भूतकाळ काही फार सोवळा नाही, शेक्सपिअरच्या काळात सजेस्टचा एक अर्थ फूस लावणे, मोहात पाडणे असाही होता.

२१. उच्चार सजेस्ट की सगजेस्ट?

दोन्ही. ब्रिटिश 'सजेस्ट', अमेरिकन बहुतेक 'सगजेस्ट', मधला 'ग' ऐकू येतो. जोर दोन्हीकडे 'जेस्ट'वर.

२२. म्हणजे सजेस्टनंतर 'टू' कधीच येत नाही, असा नियम धरू?

नका धरू, कारण दोन ठिकाणी येतो आणि नियम पाठ केलेली माणसं तिथे बरोबर वाक्य खोडतात. पहिलं, माणसाच्या आधीचा 'टू': 'आय सजेस्टेड टू हिम दॅट वी वेट.' हा 'टू' क्रियापदाचा नाही, 'त्याला'मधल्या 'ला'चा आहे, त्यामुळे बरोबर. दुसरं, मध्ये व्हॉट, व्हेअर, हाऊ असा शब्द असेल तर: 'कॅन यू सजेस्ट व्हेअर टू स्टे?', 'शी सजेस्टेड हाऊ टू फिक्स इट.' इथे 'टू स्टे' सजेस्टला चिकटलेला नाही, 'व्हेअर'ला चिकटलाय. चूक आहे ती फक्त सजेस्टच्या पाठोपाठ किंवा 'सजेस्ट अधिक माणूस'च्या पाठोपाठ 'टू गो', 'टू डू' आलं तर. ग्रामर चेकरने यातलं बरोबर वाक्य लाल केलं तर दुर्लक्ष करा.